आत्याच्या वाफ्याचा वरचा थर

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार या खेपेला नुसता कागदावरचा नाही. कंबर धरल्यामुळे मी जमिनीवर पालथा पडून आहे आणि तसाच लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? लेकीच्या घरी जिने फार आहेत असं ऐकलं, उगाच चढउतार करू नकोस. जावईबापूंचा खोकला गेला का? नात आता धरून उभी राहत असेल. इकडे सगळं क्षेम आहे. (हे वाक्य पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाचताना ते फारसं मनावर घेऊ नकोस.) तुझ्या घराचं कुलूप शाबूत आहे, नळ गळत नाही आणि मांजर वेळेवर जेवतं. चांगल्या बातम्या एवढ्याच होत्या, त्या आधी सांगून टाकल्या.

जाताना तू मला बजावलं होतंस की परसातल्या वाफ्याला पाणी घाल आणि बाकी कशाला हात लावू नकोस. दुसऱ्यांदा सांगताना तू माझा कान धरला होतास. आत्या, मी मृदाशास्त्राचा प्राध्यापक आहे. सगळं खानदान मला मातीमास्तर म्हणतं. आणि तू माझ्या बायकोसमोर माझा कान धरून सांगतेस की मातीला हात लावू नकोस. (बायको तेव्हा हसली होती. आता ती हसत नाही, नुसती बघते, आणि ते जास्त वाईट आहे.) तरी मी मनाला लावून घेतलं नाही. पाणी घालत राहिलो, शेंगांचे वेल बांधले, आणि तुझी आज्ञा बरेच दिवस अगदी तंतोतंत पाळली.

मग आमच्या कॉलेजातला खड्डा ढासळला. तुला वाटेल, खड्डा ढासळला तर एवढं काय. पण आमच्या धंद्यात जमीन वरून बघत नाहीत, बाजूने बघतात. छातीइतका खड्डा खणायचा, त्याची एक भिंत सुरीने तासून साफ करायची, आणि मग थर दिसतात. वर काळा, भुसभुशीत, जिवंत थर. त्याखाली पिवळी चिकणमाती. त्याखाली मुरूम आणि अर्धवट झिजलेला दगड, ज्याची पुढे कधीतरी माती होणार असते. मुलांची तोंडी परीक्षा त्या खड्ड्यात उभी राहून होते. वसतिगृहाची टाकी धुणाऱ्यांनी सगळं पाणी नेमकं आमच्या खड्ड्यात सोडलं आणि भिंती बसल्या. परीक्षक तर बाहेरगावहून निघालेसुद्धा होते. विभागात सगळे हातपाय गाळून बसले असताना मी छाती पुढे काढून सांगितलं की काळजी सोडा, माझ्या आत्याच्या परसात अशी माती आहे की तुम्ही जन्मात पाहिली नसेल. हे बोलताना मला तुझा अभिमान वाटत होता, हे कृपा करून लक्षात ठेव. पुढे त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही, पण ठेव.

बेत साधा होता. शेंगांच्या कडेला नीट चौकोनी खड्डा खणायचा, परीक्षा उरकायची, आणि तू यायच्या आत बुजवून टाकायचा. तुला पत्ताही लागला नसता. खड्डा बुजवण्याचा नियम मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवतो आणि परीक्षेत विचारतोही: प्रत्येक थर वेगळा ठेवायचा आणि उलट्या क्रमाने आत टाकायचा, म्हणजे सर्वात खालचा आधी आणि वरचा काळा थर सगळ्यात शेवटी. मी तसंच केलं. वेगवेगळ्या ताडपत्र्या आणल्या. तुझी काळी माती निळ्या ताडपत्रीवर ठेवली, आणि जागा नव्हती म्हणून ती फाटकापाशी ओढली. इथपर्यंत शास्त्र माझ्या बाजूने होतं.

परीक्षेच्या दिवशी मी खड्ड्यात उतरलो, मुलं वर काठावर, आणि परीक्षक तुझ्या वेताच्या खुर्चीत. (खुर्चीला काही झालेलं नाही.) त्या दिवशी मी बोललो असा क्वचितच बोललो असेन. मी सांगितलं की वरच्या थरातली मूठभर माती घेतली तर तिच्यात जगात माणसं नसतील इतके जीव असतात. गांडूळ खातं, बुरशीचे धागे बांधतात, आणि त्यातून मातीचे जे बारीक बारीक कण जमतात त्यांच्यामधली पोकळी हीच खरी संपत्ती असते. चांगली माती निम्मी रिकामी असते, त्या रिकाम्या जागेत थोडी हवा आणि थोडं पाणी राहतं, आणि त्यावर मुळं जगतात. पाऊस पडला तर ते पाणी इथेच मुरतं, गाळलं जातं, विहिरीला मिळतं. पान पडतं, त्याला कोणी खातं, त्या खाणाऱ्याला आणखी कोणी खातं, आणि शेवटी सगळं परत झाडाला पोचतं. वर बसून हुकूम सोडणारा कोणी नसताना हे इतकं बिनबोभाट चालतं. (आमच्या कॉलेजात वर बसणारे भरपूर आहेत.) आणि असा बोटभर थर तयार व्हायला पिढ्या जातात, म्हणून माती जागची हलू देऊ नये, असं मी म्हणत होतो.

नेमकं तेव्हाच फाटकातून कोणीतरी काहीतरी विचारलं. तुझ्या शेजारच्या वकीलसाहेबांनी गाडी लावायला जागा बांधायला काढली आहे, त्यांचा मुकादम. त्याला भराव हवा होता. मी भिंतीकडे तोंड करून बोलत होतो, जरा थांब या अर्थाने मी पाठमोरा हात हलवला, आणि त्याने तो घेऊन जा असा घेतला. मुलांनी दंडाला धरून मला खड्ड्यातून उपसलं (कंबर तेव्हाच गेली) तोवर निळी ताडपत्री झटकून, घडी करून पायरीवर ठेवलेली होती. इतकी सुबक घडी मला आमच्या घरी कधी जमलेली नाही. परीक्षकांना रवाना करून मी लंगडत शेजारी गेलो तर रूळ फिरून झाला होता आणि वर काँक्रीट ओतत होते. वकीलसाहेब बाहेर आले, माझा हात हातात घेऊन त्यांनी आभार मानले आणि आत्याबाईंना नमस्कार कळवा म्हणाले. तो कळवतो आहे. (भरावाला काळ्या मातीइतकं वाईट काही नाही, ती खाली बसत जाते. वर्षभरात त्यांची गाडी एका अंगाला कलेल. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.)

खड्डा तर बुजवावाच लागला. त्यात मुरूम गेला, पिवळी माती गेली, आणि वर द्यायला काही उरलं नाही. कमी पडली म्हणून वाफ्याच्या उरलेल्या भागातलीच खेचून सारखी केली, तेव्हा जे वाचलं होतं तेही त्यात मिसळलं. आता पाणी घातलं की ते तसंच उभं राहतं, आणि वाळलं की फरश्या फुटाव्यात तशा भेगा पडतात. शेंगांचे वेल बसले. लिंबाची मुळं माझ्या कुदळीखाली आली असावीत, रोज खाली पानांचा सडा असतो. पालापाचोळा उकरायला यायचा तो पक्षी भिंतीवर बसतो, खाली बघतो, माझ्याकडे बघतो आणि निघून जातो. मी गांडुळं विकत आणून मोठ्या मानाने सोडली. सकाळी ती सगळी वाफ्याबाहेर पायरीपाशी येऊन पडली होती. रस्त्यावरची पानं गोळा करायला गेलो तर झाडणाऱ्या बाईंनी विचारलं की नोकरी गेली का.

आत्या, मला लाज वाटते. नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला मी तो नियम खोकल्यात घालवला. खड्डा बुजवण्याचा प्रश्न या वर्षी मी परीक्षेतून काढून टाकला. काका गेले आणि तू घरात एकटी राहिलीस, तेव्हा तू आमच्याकडे येऊन रडली नाहीस, पण रोज सकाळी सालींचं घमेलं घेऊन परसात जायचीस आणि बराच वेळ परत यायची नाहीस. तिथे तू काय करत होतीस ते मी कधी विचारलं नाही. जे काही करत होतीस, ते सगळं त्या थरात होतं, आणि ते माझ्या हातून गेलं.

थोरांना नमस्कार, नातीला पापा. माझ्यावरची माया जेवढी शिल्लक राहील तेवढी ठेव.

तुझा भाचा,
मातीमास्तर

ता. क. एक विनंती आहे. लेकीने घर घेतलं तेव्हा तू इथलीच माती नेऊन तिच्या गॅलरीतल्या कुंड्या भरल्या होत्यास. येताना त्यातली एक कुंडी घेऊन येशील का? झाड नको, नुसती माती पुरे. विरजणासारखं असतं ते, मूठभर जिवंत माती मिळाली तर तिच्यावर पुढचं लावता येतं. सालींचं घमेलं रोज मी नेईन. लेकीला कारण सांगू नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फाडलं. हात हलवला असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. परीक्षकांनी तुझ्या मातीचं एक ढेकूळ हातात फोडलं. त्यातून अंड्याचं टरफल, कपाचा कान आणि काकांच्या सदऱ्याचं एक बटण निघालं. ते म्हणाले, ही माती कुठे आहे, हा तर कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा केराचा डबा आहे. मुलं हसली. मीही हसलो, आणि सगळ्यांत मोठ्याने हसलो. तेवढ्यात मुकादमाने फाटकातून अगदी स्पष्ट विचारलं, "साहेब, ही माती हवी आहे का तुम्हाला?" मी मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "न्या, कचराच आहे तो." तेव्हा कुंडी आणायची की नाही, ते एवढं वाचून ठरव.