दुसरा अर्धा कोयता पाहिजे

केज,
सोमवार, दि. ११ ऑगस्ट

तीर्थस्वरूप परमेश्वरमामा यांना धनश्रीचा नमस्कार.

(तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, मामाला तीर्थस्वरूप, हे तुम्हीच मला सातवीत शिकवलंत. आज राग असा आहे की नुसतं 'परमेश्वर यांना' लिहून मोकळी झाले असते, पण मग पत्र देवाला गेलं असतं.)

तुमचा गुडघा कसा आहे? युवराजदादाच्या इमारतीला लिफ्ट आहे, तेव्हा बराच असावा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईची शुगर आटोक्यात आहे, तुमची म्हैस सात महिन्यांची गाभण आहे, आणि मामींची तब्येत कशी आहे हे तुम्ही मामींना विचारावं. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही मध्येच हसता, माझा क्रम तुटतो, आणि 'बरं बरं, ठेवू का' म्हणून तुम्ही ठेवूनही देता. पत्र खाली ठेवलं तरी मजकूर तिथंच राहतो.

आधी मशीनचा निकाल. तुम्ही पंधरा एप्रिलला 'आठ दिवसांसाठी' चाकणला लेकाकडे गेलात, त्याला आज एकशे अठरा दिवस झाले. जाताना साऱ्या केजला तुम्ही कारण सांगितलंत की आभाळ आलं म्हणून गीतामामींनी कुरडयांचं ताट गाळ्यातल्या गेम मशीनवर ठेवलं, चीक आत गळला आणि मशीन मेली. मी मशीन उघडली. चीक वरच्या फळीवर वाळून बसला होता. त्याच्या खाली एक सेंटिमीटरसुद्धा गेलेला नाही, मुख्य बोर्ड कोरडा आहे. पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर फुगले होते. पाच व्होल्ट यायला पाहिजेत तिथं मीटर चार पूर्णांक दोन दाखवत होता. असे कपॅसिटर एका दिवसात फुगत नाहीत, त्याला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत मागची फळी कुणी उघडायची होती हे मी लिहीत नाही. मामी निर्दोष आहेत. कुरडया निर्दोष आहेत. (चांगल्याही झाल्या होत्या. तुमचा वाटा आम्ही खाल्ला.) दोन्ही कपॅसिटर बदलायला मला चाळीस मिनिटं लागली. तुम्हाला चाकण गाठायला यापेक्षा जास्त लागली असतील.

मशीन चालू झाली, तेव्हा मला वाटलं विषय संपला. खरा बिघाड तिथून पुढं होता. त्या मशीनवरचा गेम आता कुणाला नको आहे. तुम्ही मशीन आणलीत तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि स्टँडमागे अशा चार मशीन होत्या. सगळ्यांवर एकाच जातीचे गेम: दोन गडी डावीकडून उजवीकडे चालत निघतात, वाटेत येईल त्याला ठोसे मारतात, पिंप फोडलं की आतून भाजलेली कोंबडी निघते, ती खाऊन पावर भरते, आणि सहाव्या टप्प्याच्या शेवटी एक दांडगा माणूस असतो. (मामी माळकरी, म्हणून त्या कोंबडीला गाळ्यात फणस म्हणायचं असा तुमचा हुकूम होता. केज तालुक्यातली पोरं आजही भाजलेल्या कोंबडीला फणस म्हणत असतील तर त्याला तुम्ही जबाबदार आहात.) बाकीच्या तीन मशीन केव्हाच गेल्या. एकीचं लाकूड रसवंतीच्या बाकड्याला लागलंय, ते मी ओळखलं, कारण बाकड्याला अजून बटणांची सहा भोकं आहेत. आपली राहिली ती माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलामागे, खोकी ठेवायला.

तेवढी जागाही आता मामींना हवी आहे. तहसीलसमोर झेरॉक्सला रांग लागते आणि त्यांना गाळ्यात त्या जागी झेरॉक्स मशीन टाकायची आहे. योजना चांगली आहे, मी आकडे तपासलेत. पण तुमच्या मागं तुमची मशीन भंगारात जावी हे मला पटेना, म्हणून मी भांडले. तेव्हा त्यांनी अट घातली: "एक जोडी आणून दाखव. जोडीनं उभं राहून खेळलं कुनी, तर मशीन ऱ्हाईल. न्हाईतर भंगारवाला नेईल." मुदत कालच्या रविवारची. अट स्पष्ट होती, निदान मला तशी वाटली. एक मी होतेच, दुसरा खेळाडू शोधायचा.

इथं माझी चूक झाली आणि ती मुळात तुमची आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तुम्ही आणि मामींनी नऊ हंगाम एक कोयता म्हणून काढलेत, त्यामुळे गाळा टाकल्यावर मशीनपुढं दोघं उभे राहिले की तुम्ही 'कोयता लागला' म्हणायचात, आणि कुणी एकटा आला की 'अर्धा कोयता हाय, थांब बे, दुसरा येऊ दे'. मी त्याच भाषेत वाढले. म्हणून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी जो मजकूर टाकला तो माझ्या दृष्टीनं अचूक होता: 'अर्धा कोयता तयार आहे. दुसरा अर्धा पाहिजे. अनुभव असल्यास उत्तम. रविवारपर्यंत संपर्क करावा. धनश्री, स्टँडमागे, केज.'

ऑगस्ट महिना. बीड जिल्हा. मुकादम टोळ्या जमवत फिरतायत. मला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे आणि मला हे सुचलं नाही.

पंचवीस मिनिटांत नांदूरघाटच्या बंकट मुकादमाचा फोन. त्याला वाटलं मी तोडीला निघाले. मला वाटलं त्याला गेमची आवड आहे. त्यानं विचारलं आधी कुठं काम केलंय, मी सांगितलं लहानपणापासून इथंच. त्यानं विचारलं जोडीदार कसा पाहिजे, मी म्हणाले शेवटपर्यंत टिकणारा, मागचा मध्येच मेला. (आदल्या दिवशी समोरच्या पंक्चरवाल्याला उभा केला होता, तो तिसऱ्या टप्प्यात मेला.) मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "लई वाईट झालं, ताई. कितीक दिस टिकला?" मी म्हणाले अडीच मिनिटं. त्यानं लगेच फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत नांदूरघाटात मी विधवा झाले होते, आणि तेसुद्धा लग्नाच्या मांडवात.

आईला हे बाजारात कळलं. ती काय म्हणाली ते लिहीत नाही, ती तुमची बहीण आहे, तुम्हाला अंदाज असेल.

शुक्रवारी घाटनांदूरहून चतुराबाई म्हणून एक बाई शेअर जीपनं आल्या, सोबत मुलगा प्रवीण, वय चोवीस. बंकटनं त्यांना सांगितलं होतं की मुलगी गुणी आहे, शिकलेली आहे, नशिबानं दगा दिला. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि दुसरेपणाला आमची हरकत नाही म्हणाल्या. मी त्यांना सगळा प्रकार क्रमानं सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकला, आणि म्हणाल्या, "म्हंजी लगीन पयलंच हाय? मग तर लईच चांगलं." चहा आला. मामी आतल्या बाजूला वही तपासत बसल्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते.

पण प्रवीण कामाचा निघेल असं मला वाटलं, कारण तो घाटनांदूरचा मोबाइल गेमचा पटाईत होता. दोन अंगठे सतत चालू. मी त्याला मशीनपुढं उभं केलं. त्यानं पहिल्यांदा काचेला बोट लावलं. मी सांगितलं, दांडा आणि बटणं. त्यानं पुन्हा काचेला बोट लावलं. मग विचारलं की बंदूक कुठं मिळते, मी म्हणाले मिळत नाही. विचारलं की यात जिंकतं कोण, मी म्हणाले दोघं. यावर तो खरोखर गोंधळला. त्याच्या गेमचं त्यानं मला समजावून सांगितलं: शंभर जण विमानातून उतरतात, एकमेकांना मारतात, एकटा उरतो तो जिंकला. मी विचारलं, शेजारी जो उतरतो त्याचं काय? तो म्हणाला, "त्याला तर आदी मारायचा, जवळ ऱ्हातंय ना."

मामा, मला चीड आली ती त्या मुलाची नाही. तो नम्र होता, बशी स्वतः विसळून ठेवली. आपल्या मशीनच्या जातीचे गेम का पडले याची कारणं मी बरेच दिवस लोकांकडून ऐकते आहे: चित्रं जुनी, टप्पे तेच ते, एकाच दिशेनं चालायचं, उभं राहून पाय दुखतात. सगळी खरी आहेत आणि एकही पुरं नाही. त्या गेमला शेजारी माणूस लागायचा, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ, आणि तो शोधायचा कंटाळा सगळ्यांना एकदमच आला. एक दोष मी मान्य करते. गर्दीत आपला ठोसा कधीकधी शेजारच्यालाच लागतो, त्याचीही पावर जाते. पण तो उठतो आणि दोघं पुढंच चालतात. उठून कुणी चाकणला जात नाही.

चतुराबाईंना मी जीपपर्यंत सोडलं. त्या अजून विचार करा म्हणाल्या. मी विचार केला आहे आणि उत्तर नाही असं आहे.

तर रविवारी, म्हणजे काल, अकरा वाजता भंगारवाला टेम्पो घेऊन हजर, आणि माझ्याकडं जोडी नाही. मी त्याला दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि एकटीनं खेळायला लागले, निदान मशीन चालू स्थितीत जावी म्हणून. चौथ्या टप्प्यात पूल आहे, तुम्हाला आठवेल, दोन्ही टोकांकडून एकदम येतात आणि एकट्याला तिथून जाता येत नाही. माझी पावर दोन रेघांवर आली होती. तेवढ्यात डावीकडच्या दांड्यावर एक हात आला, त्यात हिरव्या बांगड्या.

"तू म्होरलं बघ," मामी म्हणाल्या. "मागचं मी बघते."

मामा, मी त्यांना जन्मापासून ओळखते, निदान असं मला वाटत होतं. त्यांनी मागचे तिघं न बघता आडवे केले. पिंप कुठं आहे हे त्यांना पिंप दिसण्याआधी माहीत होतं. ते फोडलं आणि म्हणाल्या, "फणस तू खा, तुझी पावर कमी हाय." भंगारवाला तराजू खाली ठेवून आमच्या मागं उभा राहिला आणि पाचव्या टप्प्यात मला उडी कधी मारायची ते सांगायला लागला. सहाव्या टप्प्यावर दांडग्यानं आम्हा दोघींना मारलं.

मी हात पुसले आणि म्हणाले, झाली अट पुरी, जोडीनं खेळलं, मशीन राहिली. मामी पदर खोचत होत्या.

"तू न मी व्हय जोडी?" त्या म्हणाल्या. "तू भाची हायस. माजा अर्धा कोयता दुसऱ्याला न्हाई लावायची मी."

आणि भंगारवाल्याला त्यांनी पोळ्यानंतर ये म्हणून सांगितलं. तो म्हणाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, पण थोडं खेळून नेईन.

आता कळतं की अट मी वाचली ती चुकीची वाचली. गाळा बंद केल्यावर तुम्ही दोघं आतून दार लावून 'हिशोब बघत' बसायचात, त्या हिशोबाची वही मी कधी पाहिली नाही. मी मीटर लावून व्होल्ट मोजत बसले आणि समोरची गोष्ट मला दिसली नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. त्याच्या खालोखाल तुमचा आहे.

युवराजदादाला आणि वहिनींना नमस्कार. गुडघ्याला गार पाणी लावू नका.

तुमची भाची,
धनश्री

ता. क. १ : डावीकडच्या दांड्याची स्प्रिंग मी नवीन टाकली आहे. उजवीकडची तशीच ठेवली, कारण ती तुमच्या हाताला सवयीची आहे.

ता. क. २ : पोळा बावीस तारखेला, शुक्रवारी आहे. झेरॉक्स मशीन दाराजवळच्या भिंतीलाही बसते, मी टेपनं मोजलं. मामींनी ते माप माझ्या आधीच मोजलं होतं. वहीत लिहिलेलं सापडलं, तारीख एप्रिलची.

ता. क. ३ : हे पत्र मामींना माहीत नाही. (पाकिटावरचा पत्ता त्यांनीच लिहिला आहे, कारण दादाच्या नव्या फ्लॅटचा नंबर फक्त त्यांना पाठ आहे. आत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, फक्त स्पीडपोस्टानं टाक म्हणाल्या.)

ता. क. ४ : तुम्ही शिकवलेलं तुम्हालाच सांगते. या गेममध्ये दुसऱ्या गड्याला सुरुवातीपासून असावं लागत नाही. खेळ चालू असताना, कुठल्याही टप्प्यावर, येऊन बटण दाबलं की तो शेजारी उभा राहतो, आणि कुठं होतास असं त्याला कुणी विचारत नाही. मी विचारणार आहे, पण ते नंतर.