पाठच्या खिशातलं कार्ड

तीर्थरूप फुसाएताईस,

धाकट्या भावाचा कमरेतून वाकून नमस्कार. (पंचेचाळीस अंशांत वाकणार होतो, पण तिसाच्या पुढे कंबर बोलायला लागते. उरलेले पंधरा अंश मनाने वाकलो असं समज.) इकडे ओगाकीला थंडी ओसरतेय, प्लमच्या झाडांवर कळ्या दिसायला लागल्यात. तुझे गुडघे काय म्हणतात? आणि भावोजी अजूनही ‘गो’च्या सोंगट्यांच्या डावात हरले की त्याचा राग जेवणावर काढतात का? काढत असतील तर काढू देत, त्या वयात तेवढीच एक हौस उरते.

तुझ्या पत्रांबद्दल मात्र एक तक्रार आहे. तू तुमची ताकेहाराची गल्ली इतकी छान लिहितेस की मी इथे बसून तिच्यातून चालू शकतो. आधी न्हावी, मग मासळीवाली, मग तिच्या नव्या जावयाचे प्रताप, आणि मग एकदम पोस्ट ऑफिस. मासळीवाली आणि पोस्ट यांच्यामध्ये तू दरवेळी उडी मारतेस. तिथे शुहेईचं पावाचं दुकान आहे, एवढं मला ठाऊक आहे. ‘त्याचं नाव पत्रात काढायचं नाही’ असं चार वर्षांपूर्वी मीच तुला बजावलं होतं, आणि लहानपणापासून माझा एक शब्द न ऐकणाऱ्या बाईला नेमका हाच ऐकायची बुद्धी झाली. असो. माझा स्वतःचा मुलगा आहे, आणि त्याच्या दुकानाचा दरवाजा कुठल्या रंगाचा आहे हे मला माहीत नाही.

आता माझी हकिगत ऐक. निवृत्त होताना उरलेली व्हिजिटिंग कार्डं कंपनीला परत करावी लागतात, हे तुला माहीतच आहे. सदतीस कार्डं होती. ती टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो, तेव्हापासून माझ्या हातांना काही काम नाही. बावीस वर्षं मी आमच्या बेअरिंगच्या कंपनीत नव्या पोरांना कार्ड कसं द्यावं आणि कसं घ्यावं हे शिकवलं. दोन्ही हातांनी द्यायचं, समोरच्याच्या कार्डाच्या खाली आपलं धरायचं, घेतल्यावर नीट वाचायचं, दोन शब्द विचारायचे, माणसं बसलीत त्या क्रमाने टेबलावर मांडायचं. खिशात कोंबायचं नाही, आणि पाठच्या खिशात तर नाहीच नाही, कारण मग आपण त्या माणसावर बसतो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठे कुठे साहेब झालीत. आणि मी? गल्लीत कुणी कार्ड पुढे केलं की मी रिकाम्या हातांनी नुसता वाकतो, जणू काही हरवलेलं शोधतोय.

शेवटी म्हटलं, आपली आपण छापून घ्यावीत. छापखान्यातल्या बाईंनी विचारलं, ‘हुद्दा काय घालू?’ म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, ‘नुसतं नाव घातलंत तर लोकांना वाटेल निवडणुकीला उभे आहात.’ तरी मी नुसतं नाव, पत्ता आणि फोन एवढंच छापलं. शंभरापेक्षा कमी छापत नाहीत. शंभर माणसं आता मी आणू कुठून?

म्हणून गल्लीच्या मंडळाच्या बैठकीला गेलो. (तीस वर्षं याच गल्लीत राहतोय, पण ओळखत कुणाला नाही. सकाळी जायचो, रात्री यायचो, गल्लीची ओळख ती काय फक्त दिव्याच्या खांबांशी.) सगळ्यांशी रीतसर देवाणघेवाण केली, सहा कार्डं समोर क्रमाने मांडली, आणि बऱ्याच दिवसांनी जरा माणसात आल्यासारखं वाटलं. पण मी चहा घ्यायला उठलो तेवढ्यात दाताचे डॉक्टर आणि देवळातले भिक्षू यांनी शेगडीपायी जागा बदलल्या. दोघांचंही डोकं तुळतुळीत, दोघांच्याही अंगात तपकिरी स्वेटर. माझा माझ्या मांडणीवर पूर्ण विश्वास. मी भिक्षूंना माझी डावी दाढ उघडून दाखवली. त्यांनी बिचाऱ्यांनी वाकून पाहिली आणि ‘सहन करायला हवं’ एवढंच म्हणाले. डॉक्टरांना तुझ्या भावजयीच्या, सुमिएच्या सहाव्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेसाठी कुठला दिवस बरा ते विचारलं. त्यांनी डायरी काढून मंगळवारी अकराची वेळ दिली. मी मंगळवारी फुलं घेऊन दवाखान्यात गेलो, तेव्हा उलगडा झाला. दाढ मात्र त्यानिमित्ताने निघाली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण इवाबुची साहेब इस्पितळात आहेत असं कळलं. माझे पहिले साहेब, ज्यांनी मला हे सगळं शिकवलं, आणि ज्यांनी शब्द टाकला म्हणून शुहेईला कंपनीत घेतलं होतं, तेच. गेलो. खाटेपाशी वाकलो, म्हटलं, आता मी काही कुणी नाही, पण नवं कार्ड केलंय. आणि दोन्ही हातांनी दिलं. साहेबांनी चष्मा लावला, नेहमीसारखं सावकाश वाचलं, आणि कंपनीतल्यासारखी आडनावाने हाक मारत म्हणाले, ‘हमागुची, जरा लवकर आलास.’ मी डोकावलो तर ते ओबांचं कार्ड. मंडळाच्या बैठकीतले ओबा, अंत्यविधीचं सगळं सामान आणि व्यवस्था पाहतात ते. माझ्याच डबीत, माझ्याच कार्डांच्या वर ठेवलं होतं. जमीन फाटली असती तर मी आत जाऊन वरून झाकण लावून घेतलं असतं.

साहेब मात्र इतके हसले की नर्स धावत आली. मग त्यांनी माझं खरं कार्ड मागून घेतलं, आणि परत द्यायला आपल्याकडे काही नाही म्हणून मनगटावरचा इस्पितळाचा पट्टा दोन्ही हात जोडून माझ्यासमोर धरला. मी वाकून वाचला. नाव, जन्मतारीख, रक्तगट. हुद्दा त्यांनाही नव्हता. मग ते म्हणाले, ‘शुहेई काय करतो हल्ली?’ म्हटलं, पाव भाजतो. म्हणाले, ‘कसले पाव?’

ताई, मला सांगता येईना.

कारण तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगतो. आमच्या कंपनीतली नोकरी सोडल्यावर वर्षभराने, त्या नववर्षाला शुहेई घरी आला होता. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याने आपल्या दुकानाचं कार्ड पुढे केलं. पिठाच्या पोत्याचा जाड कागद हाताने कापलेला होता, त्याला पिठाचा वास येत होता. माझ्या धरायच्या पद्धतीहून तसूभरही चूक नव्हती त्यात. आणि मी, नोकरी सोडून त्याने साहेबांपुढे माझं नाक कापलं म्हणून फुगलेला मी, ते एका हाताने घेतलं, न वाचता पाठच्या खिशात घातलं, आणि त्याच्याकडे बघत खाली बसलो. चुकून नाही, ताई. मला पुरतं कळत होतं मी काय करतोय ते, आणि त्यालाही कळलं. तो वाकला, चपला घातल्या आणि गेला. पँट मग धुवायच्या यंत्रात गेली आणि खिशातून नुसता लगदा निघाला. तो मी वर्तमानपत्रावर वाळवला, भिंगाखाली धरला, पण एक अक्षर लागत नाही. मला त्याची फार आठवण येते. पावाच्या दुकानावरून गेलो तरी येते, आणि आमच्या ओगाकीत पावाची दुकानं काही कमी नाहीत.

बाकी सगळं ठीक. तुझ्या गुडघ्यांना जप. भावोजींना मुद्दाम एकदा जिंकू दे.

तुझा,
तोकुजी

ता. क. खजुरासारखी सुकवलेली पर्सिमनची फळं या वर्षी पाठवू नकोस. दाढ गेल्यापासून चाववत नाहीत. (दोनच पाठव.)

दुसरा ता. क. सोबत माझं एक कार्ड ठेवतोय. हे पत्र खरं तर त्यासाठीच होतं, बाकीचं सगळं धीर गोळा करायला लिहिलं. ते शुहेईला दे. दोन्ही हातांनी दे, आणि तो ते कसं घेतो, कुठे ठेवतो, ते मला जसंच्या तसं कळव.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. कार्ड काढून घेतलंय, तू देऊ नकोस. पुढच्या गुरुवारचं तिकीट काढलं, मी स्वतः येतो. फक्त एक अडचण आहे. तो कामात असेल, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत असतील, आणि तसल्या हातांनी तो कार्ड घेणार कसा? म्हणून त्याचे हात धुऊन होईपर्यंत मी थांबेन. त्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांत न येता एका माणसाला उभं राहायला जागा आहे का, तेवढं कळव.