बारा लाखांत एकशे एकतीस

ती. ताई,
तुझ्या हट्टी भावाचा नमस्कार पोचावा.

इथे रुग्णालयाच्या नोंदणीच्या खोलीत स्वतःच्या हातांनी केलं ते आधी सांगतो: चाळीस खणांचं कपाट, त्यात बसणारी रुग्णांची कार्डं आणि रुग्णांच्या गावागावावर टाचण्या लावलेला भिंतभर नकाशा. कुणी शिकवलं नाही, हे तुला ठाऊकच आहे.

रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरबाईंना हवं होतं, तुझा तो सारकॉइडोसिस या भागात किती जणांना आहे. मोजले तर एकशे अडतीस आले. मग जन्मतारखा ताडून पाहिल्या, तर सात जण दोन दवाखान्यांत जाऊन दोनदा मोजले गेलेले! बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही पोलिसात हवे होतात."

तर बारा लाख वस्तीत एकशे एकतीस. छातीतल्या गाठी जगात मला एकटीलाच, म्हणून पुन्हा रडलीस तर बघ. यांतले निम्मे आज ठणठणीत आहेत. तुझी धाप कशी आहे? नुसतं "बरी आहे" लिहू नकोस. कितव्या पायरीला थांबतेस, ते लिही.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता.क. औषध कंपनीचा माणूस नावापत्त्यांसकट यादी मागत होता. म्हटलं, माझ्या ताईचं नाव कुणी असं विकलेलं मला चालेल का? हाकलला त्याला. दीड लाख देत होता.