आईचा केसपेपर

सर, तुमच्यावर मी एक चौकट लिहिली आहे.

चौकट म्हणजे काय ते सांगते, कारण असली कागदपत्रं तुम्ही कधी वाचली नाहीत. टपालानं आली की खणात टाकायचात आणि खण लागेनासा झाला की रद्दीत. देशभरातले आम्ही दहा-बारा जण गेलं वर्षभर निद्रानाशाच्या उपचारांवर एक मार्गदर्शक दस्तऐवज तयार करतो आहोत. गोळीच्या आधी काय करून पाहायचं, झोपेच्या सवयी कशा बदलायच्या, गोळी द्यावीच लागली तर किती दिवस, आणि म्हाताऱ्या माणसाला ती द्यावी का. एकेक वाक्य लिहायचं, त्याला आधार कशाचा ते शेजारी नोंदवायचं, मग प्रत्येकानं त्या वाक्यावर मत द्यायचं. पुरेशी मतं नाही पडली तर वाक्य परत येतं, एखादा शब्द बदलतो, पुन्हा मतदान. ‘टाळावी’ म्हणायचं की ‘देऊ नये’, यावर आमचे दोन महिने गेले. मी ‘देऊ नये’च्या बाजूनं इतकी भांडले की एका सदस्यानं विचारलं, मॅडम, तुमचं या गोळीशी काही वैर आहे का? सगळे हसले. मीही हसले.

वयस्कर रुग्णांचा भाग माझ्याकडे आहे. त्यात मजकुराच्या मधोमध, फिकट रंगाच्या चौकटीत, एक खरा घडलेला प्रसंग द्यायचा असं ठरलं, म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरला आकड्यांमागचं माणूस दिसेल. मी लगेच म्हटलं, माझ्याकडे आहे. आणि लिहिलं: ‘मराठवाड्यातील एका शहरात राहणाऱ्या विधवा स्त्रीला एका मनोविकारतज्ज्ञाने तपासणी न करता, कोणतीही नोंद न ठेवता, सहा वर्षे झोपेची गोळी दिली. एके सकाळी ती घरात पडली. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती कधीच चालली नाही.’ तुमचं नाव नाही. पण लातुरातला कुणीही जुना डॉक्टर हे वाचेल आणि खुर्चीत जरा मागे टेकून म्हणेल, अरे, हे तर ते. मला तेच हवं होतं. तुम्ही गेल्यावर तुमच्या दवाखान्यात तुमचा मोठा फोटो लागला, हार घातला गेला, पेपरात अर्धं पान आलं. मला तुम्हाला चार वाक्यांत बसवायचं होतं, आणि ती चार वाक्यं देशभरातल्या शिकाऊ डॉक्टरांनी वाचायला हवी होती.

मी तुमच्याकडे आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. समुपदेशक म्हणून. माझी खोली म्हणजे तुमच्या खोलीला लागून प्लायवूडचा आडोसा. बाहेरच्या बाकावर सकाळपासून गर्दी. क्लासेसची मुलं, त्यांचे गावाकडून आलेले आईबाप, दालमिलमधली माणसं, डोक्यावरचा पदर दातात धरून बसलेल्या बायका. तुम्ही एका माणसाला दोन मिनिटं देता. नाडी, जीभ, “झोप येतीया का?” आणि चिठ्ठी. आडोशापलीकडून मला सगळं ऐकू येतं. मला तुमचं कौतुक वाटायचं, हे खोटं कशाला सांगू. इतक्या माणसांना इतक्या कमी वेळात बरं वाटायला लावणारा माणूस मी पाहिला नव्हता.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि तिची झोप उडाली. एकदा चहाच्या वेळी मी सहज म्हणाले, सर, आईला जरा दाखवायला आणू का? तुम्ही बशीतला चहा संपवला, खण उघडला आणि कंपनीकडून आलेल्या नमुन्याच्या दोन पट्ट्या माझ्या पुढ्यात टाकल्या.

“दाखवायचं काय त्यात? रात्री एक. जेवल्यावर.”

“केसपेपर काढते ना.”

“घरच्या माणसाचा कसला केसपेपर ओ! उगं कागद कशाला घाण करायचा?”

मला केवढं बरं वाटलं होतं. घरचं माणूस म्हणालात. तुमच्या दवाखान्यातली ती रीतच होती. स्टाफच्या नातेवाइकाला रांग नाही, कागद नाही, तपासणी नाही. औषध हातोहात. आम्ही सगळे त्याला मान समजायचो. आई सहा वर्षांत एकदाही तुमच्यासमोर बसली नाही. पट्टी संपत आली की मी दारातून डोकावायची आणि तुम्ही न बघता खण पुढे ढकलायचात. आई दर वेळी पट्टी कपाळाला लावून घ्यायची. “तुझ्या डॉक्टरचं भलं होवो माय, डोळा लागला की मग काई आठवत न्हाई.” एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन गोळ्या कधी झाल्या ते तुम्हाला माहीत नाही. मलाही उशिरा कळलं. लिहिलेलं कुठे होतं?

मग मी रजा काढून झोपेच्या वर्तनोपचाराचं प्रशिक्षण घेऊन आले. आठवतं का तुम्हाला? मी एक तक्ता केला होता. लिहितावाचता न येणाऱ्या बायकांसाठी. चंद्र, सूर्य, भाकरी, पाण्याची घागर, अशी चित्रं, आणि खाली रात्रीच्या एकेका तासाचं घर. झोप लागली तेवढी घरं पेन्सिलनं काळी करायची, बस. आठ रात्री मी ती चित्रं काढत बसले होते. पहिली बाई तो तक्ता भरून घेऊन आली, आणि चुकून तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही तो उचलून बाकावरच्या सगळ्यांना दिसेल असा धरलात.

“ही काय रांगोळीची वही हाय का? मॅडमची रांगोळी भरून आणा, लई झोप येतीया म्हणं!”

बाक हसला. ती बाईसुद्धा हसली, तोंडावर हात ठेवून. मी आडोशातून बाहेर आले, म्हणाले, सर, जगभर आता आधी हेच करतात, गोळी नंतर. तुम्ही म्हणालात, “जगाला सांगा, लातूरला या म्हणावं. एक दिवस ह्या खुर्चीवर बसा म्हणावं.” आणि माझ्या तक्त्याच्या पाठीवर, कोऱ्या बाजूला, तिला गोळी लिहून दिलीत.

मी त्याच दुपारी नोकरी सोडली. तुम्ही थांबवलं नाहीत.

त्यानंतर पाचच दिवसांनी आई पडली. लातुरात तेव्हा नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. पहाटे नळ वाजला म्हणून ती घागर घेऊन उठली आणि मागच्या दारातल्या फरशीवर पडली. मी हे सगळ्यांना सांगत आले आहे. मावशीला, नवऱ्याला, नांदेडला आल्यावर माझ्या विद्यार्थ्यांना, व्याख्यानांत, आणि आता चौकटीत. सहा वर्षं गोळी, मग पडणं, मग खुबा. ऐकणारा मान हलवतो. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मधलं कुणी विचारत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी उमरीहून एक सासू-सून पॅसेंजरनं माझ्याकडे आल्या. म्हातारीला बरीच वर्षं गोळी चालू. मी सुनेला समजावत होते, या वयात गोळीनं तोल जातो, विसरायला होतं. सून तरतरीत होती. मधेच म्हणाली, “म्हंजे इखच हाय की मॅडम! आजच फेकून देते बघा. घरी गेल्या गेल्या.”

मी खुर्चीतून उठले, सर. “फेकायची नाही! हात लावायचा नाही त्या डब्याला!” बाहेरचे लोक दारात येऊन पाहायला लागले, इतकी ओरडले. सून पांढरी पडली. म्हातारीनं तिच्या मांडीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, “बाई, तिला का वरडता? माझ्या भल्याचंच करून राहिली ना ती.”

मी पाणी प्यायले. मग कॅलेंडरचं पान घेऊन गोळी थोडी थोडी कशी कमी करायची ते आखून दिलं, दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायला सांगितलं, आणि एकदम थांबवली तर काय होतं तेही सांगितलं. हात कापतात, झोप पूर्ण जाते, घाबरं होतं, तोल जातो. सांगताना माझा आवाज चांगला शांत होता.

आता मधले पाच दिवस सांगते. नोकरी सोडून मी घरी गेले ती थेट स्वयंपाकघरात. पिठाच्या डब्यामागे पट्ट्या होत्या. सगळ्या संडासात टाकल्या आणि दोन तांबे पाणी ओतलं. त्या दिवसांत, त्या शहरात, दोन तांबे. आई म्हणाली, अगं, काय करू लागलीस? मी म्हणाले, उद्यापासून तू माझी पेशंट. एकदम थांबवायची नसते हे मला माहीत होतं. प्रशिक्षणाच्या वहीत माझ्याच अक्षरात होतं, खाली दोन रेघा मारलेलं. पण कमी करत न्यायची तर महिनोन्महिने तुमच्या खणातल्या पट्ट्या आणाव्या लागल्या असत्या, किंवा दुकानातून विकत घेऊन रोज रात्री तीच चंदेरी पट्टी हातात धरावी लागली असती. ते मला जमणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईचे हात इतके थरथरत होते की कपातला चहा सांडला. “अर्धी तरी दे गं माय. चतकोर दे.” ती गयावया करत होती आणि मला वाटत होतं तुम्ही करताय. मी म्हणाले, सहन कर. पाचव्या दिवशी नळ वाजला.

तुम्ही हाडांच्या दवाखान्यात तिला बघायला आलात, मोसंब्यांची पिशवी घेऊन. तिला तुम्ही पहिल्यांदाच पाहत होतात. तिच्या हाताकडे बराच वेळ बघितलंत. हात अजून कापत होता. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलंत, “गोळी चालू होती ना ओ? का बंद केलती?”

“चालू होती,” मी म्हणाले. “तुमचीच.”

तुम्ही पिशवी स्टुलावर ठेवलीत आणि गेलात. पुढे तुमच्या कंपाउंडर मामांनी फोनवर सांगितलं, “सर लई बदलले मॅडम. घरच्या माणसालाबी रांगेत बसवून राहिले. सोताच्या बायकोचा केसपेपर काढला परवा!” मला आनंद झाला. तो आनंद मी पुष्कळ वर्षं पुरवून वापरला. तुम्ही गेलात तेव्हा मी आले नाही, आणि त्या दिवशी स्वयंपाक करताना मनात फक्त एवढंच होतं की ती आपल्याच गोळीनं पडली, हे हा माणूस डोक्यात घेऊन गेला.

आज अध्यक्ष मॅडमची मेल आली आहे. दस्तऐवज उद्या छपाईला जाणार. एका सदस्यानं माझ्या चौकटीवर शेरा लिहिला आहे: ‘पडण्याच्या वेळी गोळी चालू होती की नुकतीच बंद केली होती? दोन्हींचा अर्थ वेगळा. मूळ नोंद पाहता येईल का?’ मॅडमनी खाली लिहिलं आहे, तुमच्या उत्तरावर चौकट ठेवायची की काढायची ते ठरवू.

मूळ नोंद. सर, तुम्ही तो एक कागद घाण केला असतात तर मला खोटं बोलता आलं नसतं. पहिल्या पानावर गोळीचं नाव असतं, शेवटच्या पानावर गोळी बंद झाल्याची तारीख असती, आणि कुणीही ती उघडून माझ्या तोंडावर धरली असती. एवढ्यासाठीही मी तुम्हाला माफ करत नाही. ती तुमच्यासमोर बसली असती, तुम्ही तिची जीभ बघितली असतीत, तिला विचारलं असतंत की नवऱ्याच्या माघारी तू कुठल्या बाजूला झोपतेस. तेही मीच विचारायला हवं होतं, पण ते तुमचं काम आधी होतं.

उत्तर पाठवायला अजून तास-दीड तास आहे. नुसतं ‘नोंद उपलब्ध नाही’ लिहिलं तर खोटं ठरणार नाही. चौकट निघेल, तुम्ही सुटाल, आणि मीही. बराच वेळ तेच टाइप करून पाहत बसले. मग उमरीची सून आठवली. तिच्यासारखी प्रत्येक सून, प्रत्येक लेक, डॉक्टरवरच्या रागानं नाहीतर मायेनं डबा रिकामा करणारी. त्यांच्याबद्दल आमच्या सबंध मसुद्यात एक ओळ नाही. ती ओळ लिहायला जे माहीत असावं लागतं ते त्या दहा-बारा जणांत फक्त मला माहीत आहे.

म्हणून चौकट ठेवली आहे. तुमच्याबद्दलचा एक शब्द कमी केलेला नाही. तपासणी न करता, नोंद न ठेवता, सहा वर्षे, सगळं आहे. त्याच्या पुढे नवीन जोडलं: ‘नंतर कुटुंबीयाने गोळी एका दिवसात पूर्ण बंद केली, व पाचव्या दिवशी ती पडली. विचारणा झाल्यावर ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवण्यात आली.’ आणि शिफारशींत एक ओळ: गोळी कमी करण्याचा आराखडा रुग्णाबरोबर घरातल्या ज्या माणसाच्या हातात औषधं असतात त्यालाही समजावून द्यावा. मतदानाला वेळ नाही म्हणून ती पुढच्या आवृत्तीत जाईल कदाचित. मी भांडेन.

हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही. तुमचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही वाचून म्हणाला असतात, जाऊ द्या मॅडम, आणि खण पुढे ढकलला असतात. ते मला चाललं नसतं.

‘कुटुंबीयाने’ लिहिलं आहे, सर. आधी ‘मुलीने’ लिहिलं होतं. त्याआधी ‘या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलीने’. दोन्ही खोडलं, आणि तसंच पाठवून दिलं.