चार बोटे वारा

आबा, तुमच्या मोटारसायकलीसाठी गेले काही महिने मी एक धड आच्छादन शोधत होतो, आणि या शोधात जे जे पाहावे लागले त्याची मला शिसारी आली आहे. गाडी अजून आहे. तुम्ही गेल्यावर ती अमळनेरहून इथे जळगावात, पिंप्राळ्याला आणली, तेव्हापासून ती अंगणात, कुंपणाच्या भिंतीला लागून उघड्यावरच उभी असते. घर बांधताना तिच्यासाठी निवारा काढावा असे मला वाटले नाही, कारण तेव्हा तिच्यावर घालायला तुम्ही दिलेले कापड होते आणि ते रोज घालणारी व्यक्तीही होती. आता दोन्ही नाहीत. तुमची सून फाल्गुनात गेली. तिलाच लिहावे असा विचार होता. पण पहिल्या शब्दापुढे जाता येत नाही. तुमच्याशी मी आयुष्यभर जपूनच बोललो, त्यामुळे तुम्हाला लिहिताना निदान वाक्य पूर्ण होते.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. आमचे लग्न होऊन पुरता महिनाही झालेला नाही. तुम्ही जिनिंगच्या गोदामातून दुपारी जेवायला घरी आला आहात, गाडी ओट्याखाली लावली आहे, आणि ऊन असे की ओट्यावर पाय ठेवता येत नाही. नव्या सुनेला वाटते, सासऱ्यांची गाडी तापते आहे, आपण झाकावी. खताच्या रिकाम्या गोण्या उसवून कोणीतरी जोडलेले प्लास्टिक ती मागच्या दारातून ओढत आणते आणि गाडीवर टाकते. थोड्याच वेळात स्वयंपाकघरापर्यंत जळका वास येतो. तुम्ही हातातला घास टाकून बाहेर धावता. प्लास्टिक सायलेन्सरला चिकटून वितळलेले, काळा ओघळ खाली लोंबतो आहे. कचेरीत तुम्ही शुद्ध बोलत असा. पण राग आला की तुम्हाला घरचीच भाषा आठवे. "झाकनं म्हंजे कोंडनं नही, पोरी," तुम्ही म्हणालात, "थंड व्हवू दे, वारा खाऊ दे तिले, मंग झाक." मी दारात उभा, सून रडणार असे धरून चाललेलो. तिने पदर नीट केला आणि खाली मान घालून विचारले, "आबा, मंग तिले ताटबी वाढू का?" तुम्ही हसलात. माझ्या कोणत्याही बोलण्यावर तुम्ही तसे हसल्याचे मला स्मरत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कापसाच्या गाठींवर चढवतात ते जाड सुती कापड घेऊन आलात. ते तिच्या पुढ्यात पसरून तुम्ही गोदामातली रीत सांगू लागलात: कापसाच्या गंजीवर ताडपत्री टाकली तर ती कापसाला टेकू द्यायची नाही, मध्ये बांबू घालायचे, चार बोटे वारा खेळला पाहिजे, ज्याने हे केले नाही त्याचा कापूस वरून कोरडा आणि आतून पिवळा. ती ऐकत होती आणि कापडाला बंद शिवत होती. पुढे गाडी माझ्याकडे आली, तेव्हापासून किती वर्षे मी हेच पाहत आलो. मी कचेरीतून येतो, गाडी लावतो, कपडे बदलून चहा घेतो. ती मधूनच उठून अंगणात जाते आणि सायलेन्सरला हाताची मागची बाजू लावून पाहते, तापलेल्या मुलाचे कपाळ पाहावे तशी. निवला असेल तर कापड घालते, बंद बांधते. नसेल तर तिथेच कुंपणाशी उभी राहून शेजारणीशी बोलते. पुढे त्या कापडाला ठिगळे लागली, मग ठिगळांना ठिगळे लागली. ती आजारी पडली त्या वर्षी ते उन्हाने कुजून हातात तुटू लागले, आणि ते कोणी शिवायचे हा प्रश्न घरात कोणी काढला नाही.

ती गेली तेव्हा सगे-सोयरे साड्या घेऊन आले. सवाष्णीच्या अंगावर साडी घालायची ही रीत तुम्हाला नवी नाही, मलाही नव्हती; पण त्या साड्या मी प्रथमच नीट पाहिल्या. सगळ्या चकचकीत, सगळ्या एकाच थंड, निसरड्या धाग्याच्या. एकीवर तर दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. देण्याघेण्यासाठी घाऊक आणून ठेवलेल्या कपाटातून ओढून काढलेल्या त्या साड्या एकीवर एक पडत गेल्या आणि तिचा चेहरा सोडून काही उरले नाही. चितेवर ठेवण्याआधी जाणत्यांनी त्या काढून बाजूला ढीग केला, कारण ते कापड जळत नाही, वितळते. त्या वेळी मला खताच्या गोण्यांचा वास आला, आबा. तिथे तसा वास नव्हता, हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्याच दिवशी कॉलनीच्या तोंडाशी फ्लेक्सचा फलक लागला. येत्या निवडणुकीला उभे राहू पाहणाऱ्या एका गृहस्थांनी तो लावला होता. त्यांनी तिला जन्मात पाहिले नव्हते. फलकावर तिचा फोटो, त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि बाजूला हात जोडून उभे असलेले ते स्वतः, तिच्याहून आकाराने मोठे. तिचा फोटो कोणीतरी भाचीच्या लग्नातल्या छायाचित्रातून कापून दिला होता. मी शेजारी उभा होतो, त्यामुळे कडेला माझा पांढऱ्या सदऱ्यातला खांदा तेवढा राहिला होता. येणारे-जाणारे तो फलक पाहून मला म्हणत, "चांगला लावलाय हो." मी मान डोलवत असे. उत्तरकार्य झाले, त्या जागी कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक लागायचा होता, म्हणून हा उतरवून आमच्या फाटकात आणून टाकला.

पाहुणे पांगले, तरी तिचा धाकटा भाऊ मागे राहिला होता. तो धुळे तालुक्यातल्या गावी शेती करतो. मनाने चांगला आहे, हे मला आधीच लिहिले पाहिजे. चैत्रातल्या एका दुपारी मी बाजारात असताना अवकाळी पाऊस आला. परत येऊन पाहतो तर तिचा चेहरा मोटारसायकलीवर ताणून सुतळीने बांधलेला होता. हँडलचा आरसा खालून तिचा गाल उचलून वर आला होता. सीटच्या खळग्यात, तिच्या गळ्यापाशी, गढूळ पाणी साचले होते. मागच्या चाकावर त्या गृहस्थांचे जोडलेले हात आले होते. आबा, मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे, पण अशी कधी नाही.

"हे कोणी केले?" मी विचारले.

"मीच. पानी एकदम उनं ना, दाजी. गाडी वली व्हई जाती. हाई फाटकमा पडेल व्हतं, टाकी दिनं." आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत हात फिरवून तो थोडा अभिमानाने म्हणाला, "बठ्ठी गाडी झाकाई गई. मजबूत शे, चार पावसाया काढी."

"त्यावर कोण आहे, हे तुम्हाला दिसले नाही?"

"दिसनं ना. अक्का शे." तो माझ्याकडे पाहत राहिला. "दुसरानी गाडीवर टाकतू तर येगळं व्हतं. अक्का झाके ती गाडी, अक्काना फोटू. त्यामा काय वाईट शे?"

मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. शिक्षण, संस्कार, लाज हे सगळे शब्द त्यात होते. तो सुतळी सोडू लागला, पाणी ओतून दिले, गमछ्याने तिचा चेहरा पुसला, घडी घातली. मग घडी दोन्ही हातांवर धरून म्हणाला, "मंग आते ह्याले कोठे ठेवू? जाळता येत नही, फेकता येत नही. तुम्हीच सांगा." ते जाळले असते तर वितळून दुर्गंधी सुटली असती. टाकले असते तर उद्या कोणाच्या म्हशीच्या गोठ्यावर, कोणाच्या भुशाच्या ढिगावर ती दिसली असती. मी ते घरात नेऊन पलंगामागे उभे केले आणि भिंतीकडे तोंड करून ठेवले.

त्यानंतर मी आच्छादन विकत घ्यायला निघालो. बाजारातल्या दुकानदाराने मला काका म्हटले आणि पिशवीतून एक राखी कापड बाहेर ओढले. ते हाताला लागताच बोटांवर राखी रंग उतरला.

"यातून पाणी जात नाही ना?"

"शंभर टक्के वॉटरप्रूफ, काका."

"शिवणीतूनसुद्धा?"

"शिवणीतून येणारच ना. सुईची भोकं असतात."

"आरशांवरून बसते का?"

"आरसे काढून ठेवायचे, काका."

"आणि वाऱ्याने उडाले तर?"

"वरून एक वीट ठेवा."

असे संभाषण मी तीन-चार दुकानांत केले. हातगाडीवरचा विक्रेता निदान प्रामाणिक होता. "हे काय टिकत नाही, पण सगळे हेच नेतात," असे तो म्हणाला. अखेर मुलीने पुण्याहून मोबाईलवर एक मागवले. "पप्पा, सगळ्यांनी चांगलं म्हटलंय याला," ती म्हणाली. बाहेरून काळे, आतून चंदेरी, नाकात जाणारा औषधी वास. तिचे मन राखायला मी ते घातले. वैशाखात जळगावचे ऊन काय असते हे पुण्यात बसून कळत नाही. पंधरवड्याने काढले तर आतला चंदेरी मुलामा खवले सुटावे तसा टाकीला चिकटलेला, खालून घाम फुटल्यासारखे थेंब, हँडलवर लाल गंजाचा फुलोरा, आणि सीटच्या शिवणीत झुरळांचे बिऱ्हाड. वरून कोरडी, आतून कुजलेली. या वस्तू कोण बनवतो, कोण विकतो, आणि त्या विकत घेऊन समाधान मानणारे आम्ही कोण, याचा मला उबग आला. जे झाकले ते झाकले गेले असे दिसले की झाले. आत काय चालले आहे ते पाहायला कोणी हात घालीत नाही. लोक मला भेटायला येत होते तेही काहीसे तसेच. "सावरलात आता," म्हणून चहा घेऊन जात. मीही नीट भांग पाडून बसत असे.

ज्येष्ठ लागला तेव्हा मेहुण्याचा फोन आला. माझ्या त्या बोलण्यानंतर त्याने फोन करावा अशी माझी योग्यता नव्हती. "दाजी, धुळाले एक मानूस शे, ट्रकनं कापड शिवस. सुती. गाडी लई या." मी गाडी नेली नाही, मापे नेली. त्या वृद्ध मुसलमान कारागिराने मापे घेतली, जाड सुती कॅनव्हास काढले, आरशांसाठी जागा सोडली, बंद लावले, आणि माझी कशाबद्दलही विचारपूस केली नाही; या वर्षात मला भेटलेली ती पहिली सभ्यता. पण सुती कापड मोठा पाऊस किती झेलणार, हे मलाही कळत होते आणि मेहुण्यालाही. तो माझ्याबरोबर जळगावला आला तो गावच्या ट्रॅक्टरवाल्याकडून बांबू आधी पोहोचते करूनच. अंगणात खड्डे घेताना तो म्हणाला, "अक्का सांगे ना, आबास्नी रीत. टेकू द्यानं नही. चार बोटं." आमच्याच घरातले वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकत होतो.

बांबू उभे राहिले. वर काय घालायचे हे त्याने विचारले नाही. मी आत गेलो, पलंगामागून घडी काढली, आणि आधी शिवणकामाच्या कात्रीने ते हात जोडलेले गृहस्थ कापून वेगळे केले. तेवढे करताना मला फार बरे वाटले. उरलेला तुकडा बाहेर आणून त्याच्या हाती दिला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले.

"सुलटं का उलटं, दाजी?"

"उलटे," मी म्हणालो.

म्हणून आता रस्त्यावरून पाहणाऱ्याला पांढरे छप्पर दिसते. तो फलक मला आजही ओंगळ वाटतो. रंग भडक आहेत, आणि तिच्या साडीचा जो निळा रंग त्यात छापला आहे तशी साडी तिच्याकडे कधीच नव्हती. पण सकाळी गाडीला वारा लागावा म्हणून मी कापड काढायला वाकतो, तेव्हा वर पाहिले की ती मागच्या सीटकडे पाहत असते आणि तिच्या कडेला माझा खांदा असतो. परवा पहिला जोराचा पाऊस झाला. गाडी कोरडी राहिली, आतूनही. मी हात घालून पाहिले.

हा कागद कुठे धाडायचा नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, कारण इतर कोणाला सांगितली तर हसतील. तिला दवाखान्यात नेले त्या दिवसापासून मी ही गाडी सुरूच केलेली नाही. तरीही संध्याकाळी कापड घालण्याआधी मी सायलेन्सरला हाताची मागची बाजू लावून पाहतो, आणि तो थंड लागला तरी थोडा वेळ तिथे कुंपणाशी थांबतो.