दुसऱ्या दिवशीची बाजू

आणि तो फोडलेला चिंचोका तुम्ही परत एकदा टाकला असता तर काय बिघडलं असतं, गुरुजी? कोण बघणार होतं? अप्पा दारात उभे होते खरे, पण त्यांना कुठं ठाऊक होतं, की काळी बाजू वर आली तर आपलं पोरगं मेंढरांच्या वतीनं बोलणार आणि पांढरी आली तर शाळेच्या? दुसऱ्या कुठल्या मास्तरानं इंग्रजीच्या चार कविता पाठ करून घेतल्या असत्या आणि सोडलं असतं. तुम्हाला मात्र संतपूरच्या पलीकडच्या आपल्या एवढ्याशा गावात, चौथी-पाचवीच्या पोरांना इंग्रजीत वाद घालायला शिकवायचं होतं. शेळी चांगली का म्हैस, भाकर चांगली का भात. अंगणात चुन्याची रेघ, रेघेच्या दोन्ही अंगाला आम्ही, आणि मध्ये तुमचा कायदा. आधी समोरच्याचं म्हणणं 'माय फ्रेंड सेज' म्हणून सांगायचं, त्यानं मान हलवली तरच 'बट' म्हणायचं. मान न्हाई हलली तर परत पहिल्यापासून. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी रेघ ओलांडायची, काल ज्याला खोडलं तेच आज स्वतः बोलायचं.

त्या दिवशी अप्पा मला शाळेतून काढायलाच आले होते. मेंढरं घेऊन मांजऱ्याच्या काठाला निघायचं होतं. तुम्ही त्यांना म्हणालात, "बसा की, पोराचं ऐकून तर जावा." आणि विषय काय काढलात? शाळा का मेंढरं! मला वाटलं, आता गुरुजी वाचवतात. चिंचोका पडला, काळा. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही रेघेकडं बोट केलंत. मग मी बी पेटलो. शीप गिव्ह वूल. शीप गिव्ह मनी. शीप सिक, आय नो. स्कूल गिव्ह ओन्ली होमवर्क. पोरं हसून लोळायलीत, तुम्ही टाळ्या वाजवायलात, आणि दारातून अप्पा विचारतात, "काय म्हणायलाय त्यो?" अहो, तिथं तरी थोडं खोटं बोलायचं! तुम्ही शब्द न शब्द मराठीत सांगितलात, वर कौतुकानं. अप्पांनी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "बघा गुरुजी, पोरगं बी तेच म्हणायलंय." तुम्ही फाटकापर्यंत मागं आलात. "उद्या बाजू बदलायचीय, एक दिवस तर थांबवा." अप्पा "व्हय व्हय" म्हणाले. उजाडलं तेव्हा आम्ही नदी ओलांडून गेलो होतो.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेल्याचं मला एका वाटसरूनं सांगितलं. तोवर मी मेंढरांमागं फिरत रोज तुमच्याशी भांडत होतो. त्या दिवशी बी भांडलो, मग लक्षात आलं की आता मान हलवायला समोर कुणी न्हाई.

तुमची विद्या कामाला किती आली ते बी ऐका. कोळारच्या कारखान्यात टिकलो न्हाई, पुण्यात न्हाई. आता होसूरच्या गोदामात खोकी चढवतो. इथला साहेब तमिळ, त्याला माझी भाषा येत न्हाई, मला त्याची. त्यानं रविवारची पाळी लावली, तर मी सरळ उभा राहून म्हणालो, "माय फ्रेंड सेज सन्डे ड्यूटी. बट..." तो म्हणाला, "आय ॲम नॉट युवर फ्रेंड." सगळं गोदाम हसलं. मी आपला उभा, त्याची मान हलायची वाट बघत. लोकांना 'येस सर' येतं, त्यांचं भागतं. तुम्ही आम्हाला नेमकं तेवढंच शिकवलं न्हाई.

आता मुद्द्याचं सांगतो. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची पोरगी यंदा पाचवी झाली. पुढची शाळा तालुक्याला. बस आहे, पोरगी हुशार आहे, पण अप्पांचे गुडघे गेलेत आणि मेंढरांमागं तिला पाठवायचं म्हणायलेत. अण्णा कोळारला कामावर, त्याची अप्पांसमोर जीभ उचलत न्हाई. म्हणून परवा मी फोन लावला. पोरीनं फोनचा आवाज मोठा करून तो अप्पांसमोर धरला. मी तुमच्या कायद्यानं सुरू केलं. अप्पा, तुमचं म्हणणं असं, की मेंढरं लोकर देतात, पैसा देतात, त्यांचं दुखणं कळायला शाळा लागत न्हाई, शाळा नुसता गृहपाठ देते. बरोबर?

अप्पा म्हणाले, "माझं कुठलं? तुझंच हाय ते. गुरुजीनं सांगितलं तवापासून मी सगळ्या गावाला सांगायलोय, माझं पोरगं इंग्रजीत बोललं म्हणून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, गुरुजी. इतकी वर्षं त्या माणसानं माझंच भाषण जपून ठेवलं आणि आता पोरीच्या वाटेत आडवं टाकलं! मी ओरडलो, "अप्पा, माझी दुसऱ्या दिवशीची बाजू राहिलीय. ती आता घेतो."

"घे की. कामून वरडायलास?"

मग बोललो. खोकी, साहेब, सगळ्या गोदामाचं हसणं, खोक्यावरचं नाव वाचता येतं पण गोदामाची वही लिहायला मला कुणी बसवत न्हाई, ते सगळं. अप्पांना यातलं मी कधीच सांगितलं नव्हतं. मग पोरगी हळूच म्हणाली, "आज्जा, आता काकाचं म्हणणं सांगा. तसाच नेम हाय."

तिला हे कुणी शिकवलं? मीच, फोनवर. दुसरं मला येतंय काय!

अप्पांनी सांगितलं. माझं सगळं म्हणणं, एक शब्द न गाळता. मी इथं खोलीत एकटाच मान हलवली, मग आठवलं आणि तोंडानं "व्हय" म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, "पन मग मेंढरामागं कोन जाईल?"

याला उत्तर तुम्ही शिकवलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी टाळ्या वाजल्या तेव्हा मला लई आनंद झाला होता. रेघेच्या कुठल्या बाजूला उभा आहे, ते विसरूनच गेलो होतो. हे कागद तुम्हाला पोचायचे न्हाईत, म्हणून लिहितो. अप्पांना मात्र आज पाठवायलोय, पोरीच्या जागी मेंढरांमागं जो गडी ठेवतील त्याचा पहिला पगार: सहा हजार रुपये.