आबाजींच्या वखारीची भिंत आणि तीवरचा चेहरा

मृत्युपत्र लिहून ठेवणार मुरारी बाळाजी भोंडवे, वय वर्षे बावीस, धंदा पाट्या रंगवणे, राहणार चिंचवड, तालुका हवेली. लिहून ठेवण्याचे कारण असे की, परवा पुण्याहून गोव्याच्या सत्याग्रहाला निघणाऱ्या तुकडीत माझे नाव आहे आणि तिकडे गोळी चालते असे ऐकतो. बाविसाव्या वर्षी मृत्युपत्र लिहिणारा एक तर श्रीमंत असतो, नाही तर खुळा. मी श्रीमंत नाही. तरी आज माझे डोके ठिकाणावर आहे, कुणाची दमदाटी नाही, आणि पोस्टातले ज्योतीराम समोर बसून मी काय लिहितो ते पाहत आहेत. ‘डोके ठिकाणावर’ हे वाचून आईला हसू येईल. येऊ दे.

कलम १. राहत्या घरातला माझा हिस्सा आणि सायकल थोरले बंधू गेनू यांस. सायकलीचा मागचाच ब्रेक लागतो, पुढच्यावर भरवसा ठेवू नये. चुलीजवळची खोली आई तानाबाई हयात असेतो तिचीच राहील आणि तिच्या भांड्यांची जागा कुणी बदलू नये. पोस्टाच्या पुस्तकावर जे असेल ते तिचे.

कलम २. कॉलेजची पुस्तके ज्याला हवीत त्याने न्यावीत. दुसऱ्या वर्षाला प्राध्यापकांनी माझ्या वहीतली चित्रे उचलून वर्गाला दाखवली आणि पोरे हसली. मी ती वही त्यांच्याच टेबलावर फाडून चालता झालो. त्यांच्यावरचा राग मी कुणाला देत नाही, तो माझ्याबरोबर येईल. फाडायला नको होती एवढे मात्र आता वाटते. त्यात मंजुळेची सात चित्रे होती.

कलम ३. सगळे कुंचले, शिडी, गेरू आणि पिवळ्या पेवडीचे डबे माझे गुरू सोनबा पेंटर यांस. त्यांनी मला अक्षराची उभी रेघ मारायला शिकवली आणि रोज एकदा तरी म्हणाले, "राव, तुझा हात ग्वाड हाय, पण डोस्कं तापल्यालं." दोन्ही खरे.

कलम ४. आता भिंतीविषयी. ती माझ्या मालकीची नाही, पण तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होणार नाही.

पिंपरी स्टेशनाकडून सिंधी निर्वासितांच्या कॅम्पाकडे वळताना आबाजी कुदळे यांच्या लाकडाच्या वखारीची मागची भिंत लागते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथून माणसे नाकाला पदर किंवा रुमाल लावून जात. गाडीतून उतरलेला प्रत्येक पुरुष तिथेच उभा राही. भिंतीलगत सरकारी नळ, म्हणजे बायांचे किती हाल ते सांगायला नको. आबाजींनी मला बोलावले.

"चार द्येव काढ. शंकर, मारुती, काय जमतील ते. द्येवापुढं कोन धोतर वर करतंय?"

मी म्हणालो, "असल्या राखणीला मी देव बसवणार नाही."

"मग तुज्या बाला बसीव. पन वास गेला पायजे."

मी देव काढले नाहीत. त्या वाटेने जाणारी माणसेच काढली. डबा घेऊन शिफ्टला निघालेले कामगार, कॅम्पातली बाजेवर पापड वाळत घालणारी सिंधी आजी, चऱ्होलीहून मेथीची पाटी आणणारी गवराबाई. दीड महिना लागला. तिसऱ्या दिवसापासूनच लोक थांबून भांडू लागले, "हा डबा माझा", "नाक आमच्या भैरूचं". स्वतःचा चेहरा असलेल्या भिंतीवर कोण घाण करील? वर्षाच्या आत खरी सिंधी आजी आपली बाज घेऊन चित्रातल्या बाजेशेजारी बसू लागली. गवराबाईने भाजी तिथेच मांडली. चहाची गाडी आली, टांगे थांबू लागले. अंधार पडायच्या आत जिथून बाया पळत जात, तिथे त्या आता दिवेलागणीपर्यंत गप्पा मारतात. मी आयुष्यात केलेले सरळ काम एवढे एकच.

त्यातही एक वाकडे केलेच. भिंतीच्या शेवटी, नळाजवळ, डाव्या कमरेवर घागर घेतलेली एक मुलगी काढली. ती आबाजींची लेक मंजुळा. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. तिच्यासाठी मी आबाजींकडे मागणी घातली होती. त्यांनी सांगितले, "आदी शिक तरी, न्हाईतर कंपनीत मशिनीवर तरी ऱ्हा. भिंतींवर पोट भरत न्हाई." त्या रागात मी तिला त्यांच्याच भिंतीवर उभी केली. वाटले, हिला आता माझ्यापासून कोण नेतो बघू.

त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता. नळ बारा दिवस कोरडा राहिला. आमच्याकडे पाण्यापाशी साती आसरांची, म्हणजे सात जलदेवतांची, वस्ती असते असे मानतात. नळापाशी घागर घेतलेली बाई पाहून गवराबाईने तिला हळदकुंकू लावले आणि दहीभात ठेवला. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आले. झाले. भिंतीवर हिरव्या बांगड्या लटकल्या, आषाढात नैवेद्यांची रांग लागली.

चाकणहून मंजुळेला बघायला आलेली मंडळी त्या वळणावर उतरली. भिंतीवर कुंकवाने माखलेला चेहरा पाहिला, घरात तोच चेहरा पोहे घेऊन आला. मुलाची चुलती म्हणाली, "आसरेला घरात नेऊन भांडी घासायला कशी लावायची?" स्थळ मोडले. मागून दुसरे आले, तेही तसेच गेले. दुसरे मोडले त्या दिवशी मी मनातल्या मनात पेढे वाटले, हे इथे लिहून कबूल करतो.

आठ दिवसांनी मंजुळेने मला नळावर गाठले.

"तू मला विचारलं होतंस का?"

"काय?"

"भिंतीवर उभं करायच्या आधी."

मी म्हणालो, "मी प्रेमानं काढलं, मंजुळा."

"प्रेमानं काढलंस आणि चव्हाट्यावर ठेवलंस. आता मी आले की बाया बाजूला होतात. घागर आधी माझी भरतात. माझ्याशी कुणी भांडत नाही, मुरारी. नळावर जिच्याशी कुणी भांडत नाही, ती बाई जगली काय नि मेली काय."

त्यानंतर चेहरा खरवडायला मी दोनदा गेलो. एकदा गवराबाई आडवी आली, "हात लावशील तर हात झडंल." दुसऱ्यांदा तिथे कुणी नव्हते, तरी माझा हात उचलला नाही. मी गोव्याला देशासाठी जातो आहे. तोंड लपवायलाही जातो आहे. दोन्हीत किती अंतर आहे ते मला नीट सांगता येत नाही.

कलम ५. ~~भिंत आबाजींची, रंग माझे, पण चेहरा मंजुळेचा. तो ठेवावा, पुसावा की बदलावा, याचा पूर्ण हक्क मी मंजुळा आबाजी कुदळे हिला देतो. तिला कुणी अडवू नये.~~

खुलासा. वरचे कलम मीच खोडले आहे. वाचता यावे म्हणून एकच आडवी रेघ मारली. ते असे घडले.

ज्योतीराम म्हणाले, ज्याला कागदातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. मग आई, गेनू, सोनबा सगळेच साक्षीतून गेले. ज्यांच्यावर माझा भरवसा, त्या सगळ्यांना मी काही ना काही देऊन बसलो होतो. दुसरा साक्षीदार कुठून आणावा या विचारात असताना मंजुळा पोस्टात आली. मास्तरणीच्या ट्रेनिंगचा अर्ज रजिस्टर करायचा होता. मी कागद तिच्यापुढे धरला. तिने उभ्यानेच सगळा वाचला, पाचवे कलम दोनदा.

"माझाच चेहरा मला देतोस होय रे?"

तिने कागद माझ्यापुढे परत ठेवला.

"चेहऱ्याचं काय करायचं ते मी बघेन. गवराबाईला कसं समजवायचं तेही बघेन. त्याला तुझा कागद लागत नाही. हे खोड. मग मला यातलं काही मिळत नाही ना, ज्योतीरामकाका?"

ते म्हणाले, "नाही."

"मग मी सही करते." आणि टाक हातात घेऊन मला म्हणाली, "परत आलास तर आधी विचार, मग काढ."

मी खोडले. ही खाडाखोड मला मान्य आहे आणि शेजारी माझी सही आहे. माझ्या मागे माझे काय राहिले ते वर लिहिले. जे माझे नव्हते ते मी सोडले.

लिहून ठेवणार : मुरारी बाळाजी भोंडवे

सदर इसमाने आमच्यासमोर सही केली, आम्ही त्याच्यासमोर केली :
१. ज्योतीराम सखाराम नाणेकर, पोस्ट कारकून
२. मंजुळा आबाजी कुदळे, सातवी फायनल पास

मुक्काम पिंपरी, तारीख १० ऑगस्ट १९५५